पारूच्या मुठीतलं हिरवं

तांबेबाई भांडखोर होत्या, असं बोर्लीच्या बाजारात कुणीही सांगेल. होत्याच. पण त्यांची बरीच भांडणं मी जवळून पाहिली आहेत आणि त्यांतल्या एकातही त्यांना स्वतःसाठी काही नको होतं. गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. तेव्हापासून त्यांच्याविषयी जो तो गोड बोलायला लागला आहे आणि ते मला सहन होत नाही. हयातभर ज्या बाईला ‘कटकट’ म्हणायचं, तिला गेल्यावर ‘मायाळू’ म्हणून मोकळं व्हायचं, हा शुद्ध अन्याय आहे. बाई कटकट होत्या आणि ती कटकट मला हवी आहे.

मी कृषी सहाय्यक. माझ्याकडे तेव्हा बोर्ली पंचतनच्या बाजूची काही गावं होती. बाई त्यांतल्याच एका गावातल्या, हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन दूर. बौद्धवाडीच्या खालच्या अंगाला त्यांची भाताची तीन खाचरं होती, अगदी रस्त्याला लागून. पायांत प्लास्टिकचे बूट, साडीवर जुना पुरुषी शर्ट, डोक्याला टॉवेल आणि शर्टाच्या खिशात खडू. निवृत्त झाल्यावरही खडू सुटला नव्हता. बांधावरच्या दगडावर, पंपाच्या टाकीवर, एकदा तर माझ्या मोटरसायकलच्या सीटवरही त्यांनी आकृती काढली होती.

पन्नाशीच्या आतल्या सगळ्यांना त्या अरे-तुरे करत आणि कुणी काही सांगायला गेलं की त्यांचा एकच प्रश्न असे, “बघितलंस, की ऐकलंस?” ऐकलं म्हणणाऱ्याचं पुढचं काही त्या ऐकून घेत नसत. मी पहिल्या भेटीत भाताच्या कुठल्यातरी नव्या जातीचं कौतुक सुरू केलं आणि ह्या प्रश्नावर जो आडवा झालो, तो अर्धा तास उठलो नाही. शेवटी त्यांनीच चहा दिला.

एकदा मी चिडून विचारलं होतं, “बाई, प्रत्येक गोष्ट स्वतः बघायची म्हटलं तर माणसानं जगायचं कधी?”

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “माझा बाप जन्मभर लोकांच्या खाचरात राबला. लोक बोट दाखवायचे, तो तिथं नांगर घालायचा. ‘असं का?’ हे विचारायची सोय नव्हती. मला सोय आहे. मी ती वाया घालवू होय?”



तर अशा ह्या बाईंकडे मी ती बाटली घेऊन गेलो. नॅनो युरियाची, अर्ध्या लिटरची. तेव्हा आम्हाला प्रात्यक्षिकांचं उद्दिष्ट होतं आणि साहेबांना रस्त्याकडेचंच शेत हवं होतं, फलक येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. पत्रकात म्हटलं होतं, ही बाटली म्हणजे युरियाची एक गोणी. पाण्यात मिसळा, पानांवर फवारा, काम झालं. गावातले लोक बाटली हातात घेऊन हलवून बघत आणि परत देत. कुणी म्हणे अत्तर आहे, कुणी म्हणे विष आहे.

बाई मात्र खूश झाल्या. अगदी मनापासून. पत्रक दोनदा वाचलं आणि ओटीवर बसलेल्या बायकांना हाक मारली. घरातून गुळाची ढेप आणि किसणी आणली. एक खडा एका पेल्यात टाकला, तेवढाच गूळ किसून दुसऱ्या पेल्यात टाकला. किसलेला बघता बघता विरघळला, खडा तसाच तळाशी. “एवढंच आहे बघा,” बाई म्हणाल्या. “वस्तू जितकी बारीक कराल तितकं तिचं अंग उघडं पडतं. हे तर एवढं बारीक की पानाच्या छिद्रातून आत जाईल. माणसाच्या डोक्याची कमाल आहे हो!”

बायका माना डोलवत होत्या. त्यांत पारू होती. पारू बाईंची शेजारीण, दोघी एकमेकींच्या लावणीला जायच्या. वयानं बाईंहून थोडी मोठीच, पण सगळं गाव तिला पारूच म्हणायचं. ती म्हणाली, “म्हंजी गोनी नको आता?”

बाईंनी किसणी खाली ठेवली. “तोच तर प्रश्न आहे, पारू. किसला म्हणून गूळ वाढत नाही. गोणीत जेवढं नत्र आहे तेवढं ह्या बाटलीत नाही, हे ह्या पत्रकातच बारीक अक्षरात दिलंय. मग कमी माल जास्त काम कसं करतो? करतही असेल. आपण बघू.”

मी घाईघाईनं म्हणालो, “बघू म्हणजे प्रात्यक्षिक घेऊ ना, बाई?”

“घेऊ. पण बाटली मी तुझी घेणार नाही. फुकटची वस्तू वापरली की माणूस तिच्याविषयी वाईट बोलायला लाजतो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही बोर्लीच्या बाजारात इस्माईलभाईंच्या खताच्या दुकानात गेलो. इस्माईलभाई चांगला माणूस. वडिलांची मचव्यातून मालाची वाहतूक होती, धाकटा भाऊ आखातात, आणि हे दुकान सांभाळून. बाईंनी आधी युरियाची गोणी मागितली. इस्माईलभाईंनी गोणी काढली आणि तिच्यावर अलगद ती बाटली ठेवली.

“ही मी मागितली?”

“बाई, जोडीनंच द्यावी लागते. वरून माल असाच येतो. गोणी पायजे तर बाटली घ्यायची.”

“असा नियम आहे? कागद दाखवा.”

“कागद कसला बाई, तोंडीच हुकूम. अल्ला कसम, माझ्या हातात काय नाय.”

बाई दुकानातल्या बाकावर बसल्या. भांडल्या नाहीत, आवाज चढवला नाही. पिशवीतून शेंगा काढल्या आणि सोलत बसल्या. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एवढंच विचारत होत्या, “तुम्ही बाटली मागितलीत का हो?” तासाभरात दुकानात आठ-दहा जण थांबलेले आणि सगळ्यांना एकदम आठवलेलं, की आपणही बाटली मागितली नव्हती! मी खाली मान घालून जमिनीवरची टरफलं मोजत होतो, कारण बाटल्या खपवायच्या बैठकीला मीही हजर होतो.

शेवटी इस्माईलभाईंनी हात जोडले आणि गोणी सुटी दिली. सगळ्यांनाच दिली.

बाईंनी टरफलं गोळा केली आणि उठल्या. “शुक्रिया. आता एक बाटली द्या.”

“या खुदा! आता कशाला?”

“आता मी मागतेय ना!”

इस्माईलभाई एवढे हसले की गल्ल्यावर डोकं टेकलं. पुढे बाईंचं नाव निघालं की ते हीच गोष्ट सांगत.

प्रात्यक्षिकाचं त्यांनी स्वतःच ठरवलं. लावणीच्या वेळचं खत तिन्ही खाचरांना सारखं. खताच्या पुढच्या हप्त्याला एकाला गोणीतला युरिया, दुसऱ्याला बाटलीची फवारणी आणि तिसऱ्याला नुसतं पाणी. तेही त्याच पंपानं, पंप स्वच्छ धुऊन.

“पाणी कशाला?” मी विचारलं.

“नाहीतर पानं धुतल्याचा गुणही बाटलीच्या नावावर जाईल. आणि बाटली लंगडी पडली तर कुणी म्हणायला नको की पंप मारताना रोपं तुडवली. दोघांना सारखा न्याय.”

पत्रकात लिहिलं होतं की फवारल्यावर काही तास पाऊस नको. ते पत्रक लिहिणाऱ्यानं श्रीवर्धनकडचा श्रावण पाहिला नसावा. आम्ही नऊ दिवस पंप भरून बांधावर बसलो. ऊन पडलं की बाई उठायच्या, पंप पाठीवर घ्यायच्या आणि समुद्राकडून सर यायची. दहाव्या दिवशी उघडीप मिळाली. बाईंनी बाटलीचं खाचर फवारलं, पंप धुतला आणि भर पावसाळ्यात भाताच्या खाचरात पाणी फवारायला लागल्या. रस्त्यानं जाणारी एसटी हळू झाली होती, एवढं मला आठवतं. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, “बाई, समुद्रावर पन मारा थोडं!” बाई ओरडल्या, “आधी हे होऊ दे!”

पंधरा-वीस दिवसांनी रंग वेगळे दिसायला लागले. गोणीचं खाचर गर्द, बाटलीचं त्याहून किंचित फिकं, आणि पाण्याचं पिवळट. बाई रोज सकाळी वहीत लिहीत होत्या. आणि एका सकाळी त्यांनी मला फोन करून बोलावून घेतलं.

पाण्याच्या खाचरात, बांधाला लागून, एक अर्धगोल काळसर हिरवागार झाला होता. तिन्ही खाचरांत एवढं हिरवं कुठे नव्हतं. बाकीचं खाचर पिवळट ते पिवळटच. मी चक्रावलो. बाई बांधावर उभ्या राहिल्या, हातात काही नसताना मूठभर खत फेकल्यासारखा हात फिरवला आणि म्हणाल्या, “बघ. बाईमाणसाचा हात पोचतो, तेवढंच आहे.” मग मोठ्यानं हाक मारली, “पारू!”

पारू आली. विचारायच्या आधीच तिनं कबूल केलं.

“व्हय, मीच टाकलाय. येता-जाता बघवत न्हवता मला. दोगांस जेवू घातलंस न् तिसऱ्याच्या पानात नुसता पानी! आपल्या दारचं भात हाय तो. असा उपाशी ठेवतात काय कुनी?”

“अगं, मुद्दाम ठेवला होता. बघायला.”

“त्येच म्हंते मी. उपाशी ठेवून बघत बसायचा, ह्यो कसला बघना?”

मला वाटलं आता स्फोट होणार. सगळ्या खटाटोपावर मायेची एक मूठ पडली होती. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढंच म्हणाल्या, “चूक माझी. तुला सांगून ठेवायला हवं होतं. लागवड माझी एकटीची थोडीच आहे!” त्यांनी काठ्या आणल्या, दोघींनी मिळून त्या हिरव्या अर्धगोलाभोवती दोरी बांधली आणि वहीत लिहिलं, ‘पारूने खत टाकले. एवढा भाग धरू नये.’ पारूनं खाली अंगठ्याऐवजी ऐटीत सही केली. प्रौढांच्या वर्गात ती तिला बाईंनीच शिकवली होती.

त्यानंतर चार दिवसांनी साहेब आले. मी एका बैठकीसाठी श्रीवर्धनला होतो आणि बाई दवाखान्यात गेल्या होत्या. साहेब रस्त्यावर जीप थांबवून उतरले, तीन खाचरं पाहिली आणि सगळ्यांत हिरवं जे दिसलं, दोरी बांधून वेगळं काढलेलं, तेच प्रात्यक्षिक असणार असं समजले. फलक तिथे रोवला, फोटो काढले आणि संध्याकाळच्या आत ते फोटो अलिबागला, जिल्ह्याच्या कार्यालयात पोचलेसुद्धा. साहेबांची चूक समजण्यासारखी होती, हे मी आजही म्हणतो. दोरी कशासाठी बांधतात? दाखवण्यासाठीच ना!

पण चूक कळल्यावर त्यांनी जे केलं, ते समजण्यासारखं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “फोटो वर गेलाय. आता कुणाला काय कळतंय? शेवटी बाटली मारलीय ना त्याच शेतात!”

कापणी झाली. बाईंनी दोरीतलं भात वेगळं झोडलं आणि बाकी तिन्ही खाचरांतले सारखे तुकडे मोजून कापले. अंगणात तीन ढिगारे पडले. गोणीचा सगळ्यांत मोठा. बाटलीचा त्याच्या मागे, पण पाण्याच्या पुढे. बाई समाधानानं म्हणाल्या, “म्हणजे बाटली खोटी नाही. काहीतरी करते. पण गोणीची जागा घेत नाही, निदान ह्या वर्षी, माझ्या मातीत, आपल्या पावसात. असंच लिही.”

मी असंच लिहिलं. अहवाल परत आला. पाण्याचं खाचर गाळून, फोटो जोडून पुन्हा लिहा, असा निरोप. आणि मी तो पुन्हा लिहिला. लपवत नाही. मला नोकरी हवी होती, मुलगी पाचवीत होती. शेतकऱ्याच्या सहीसाठी तो कागद घेऊन बाईंच्या ओटीवर गेलो.

बाईंनी सगळा वाचला. कागद परत देत म्हणाल्या, “सही होणार नाही. मी वर्गात तीस वर्षं पोरांना सांगितलं, प्रयोगात आलं ते लिहा, यायला हवं होतं ते नका लिहू. आता माझंच शेत खोटी साक्ष देणार? हा फोटो बघून उद्या तळा-म्हसळा तालुक्यातला कुणीतरी गोणी टाकायची बंद करेल. त्याचं भात पिवळं पडलं तर तो कुणाला विचारणार? तुझ्या साहेबांना?”

सही झाली नाही. पण तोवर सत्कारासाठी प्रगतिशील शेतकऱ्यांची यादी अलिबागला गेली होती आणि तिच्यात बाईंचं नाव होतं. साहेबांचा हिशेब साधा होता, शाल घातली की बाई मऊ होतील. बाईंनी निरोप आणणाऱ्याला विचारलं, “दोन शब्द बोलायला देतात?” देतात म्हटल्यावर त्या तयार झाल्या. पारूला बरोबर घेतलं.

अलिबागचं सभागृह भरलेलं होतं. मंचाच्या मागे भिंतभर पडदा आणि त्यावर पारूचा तो अर्धगोल, माणसापेक्षा मोठा केलेला, हिरवागार. खाली लिहिलं होतं, ‘नॅनोची किमया’. मी मागच्या रांगेत साहेबांच्या शेजारी बसलो होतो. बाईंचं नाव पुकारलं. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र झालं. बाईंनी माईक हातात घेतला.

“हा फोटो माझ्या शेतातला आहे,” त्या म्हणाल्या. टाळ्या पडल्या. “पण हे हिरवं बाटलीचं नाही. हे आमच्या पारूच्या मुठीतलं आहे. पारू, उभी राहा.”

पारू उभी राहिली. आपलाही सत्कार आहे असं वाटून तिनं चारही दिशांना हात जोडले. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

“हिनं चोरून गोणीतला युरिया टाकला. कारण तिला माझ्या उपाशी भाताची दया आली. बाटली मी दुसऱ्या खाचरात मारली होती. ती कामाची आहे, पण जेवढं सांगतात तेवढी नाही...”

माईक बंद पडला. पाडला म्हणा. साहेबांनी माझा दंड धरला होता, जसं काही मीच बोलत होतो. पण तीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवलेल्या बाईला माईक कशाला लागतो? “...आणि नवं शास्त्र मला हवं आहे!” त्यांचा आवाज पार दरवाज्यापर्यंत आला. “म्हणूनच त्याच्याविषयी खोटं सांगितलेलं मला चालणार नाही. शेतकरी एकदा फसला की पुढची खरी बाटलीसुद्धा तो गटारात ओतेल. हा पडदा काढा.”

पडदा कुणी काढला नाही. बाई शाल खुर्चीवर ठेवून खाली उतरल्या आणि पारूसकट बाहेर गेल्या. पारू विचारत होती, “मंग माजा नारळ?”

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “जा. तुमच्या बाईंबरोबर एसटीनंच जा.” त्यांना ती शिक्षा वाटली असावी. मला मात्र त्या क्षणी उठताना वर्षभरात पहिल्यांदा हलकं वाटलं. पुढच्याच महिन्यात माझी बदली तळा तालुक्यात झाली. ह्यानंतर बाईंशी फोनवर बोलणं झालं, भेट राहून गेली. त्या गेल्या ते मला तिथेच कळलं.

त्यामुळे मला दिसतात त्या बाई अलिबागच्या स्टँडवरच्या. बोर्लीची गाडी लागलेली, पारू खिडकीपाशी जागा धरून बसलेली, मी दारात. आणि बाई फलाटाच्या कठड्यावर. सभागृहातून उठून आलेले पाच-सहा शेतकरी त्यांच्याभोवती, कोण पेणचे, कोण रोह्याचे. बाईंनी प्रमाणपत्र मांडीवर उलटं ठेवलं होतं आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर तीन चौकोन काढून समजावत होत्या. कंडक्टरनं घंटी दिली. बाईंनी वर न बघता डावा हात उंच केला. ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

घोळक्यातला एक जण, चांगला थोराड, मिशीवाला, मघापासून हाताची घडी घालून ऐकत होता. तो म्हणाला, “बाय, त्यांचा खोटा असंल. पन तुमचा तरी खरा कशावरशी?”

बाकीचे त्याला गप्प करायला लागले. बाईंनी मान वर केली. त्यांचा चेहरा एवढा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता, मंचावरही नाही.

“मानूच नकोस,” त्या म्हणाल्या. “तुझी माती वेगळी, तुझा पाऊस वेगळा. तीन खाचरं कर, आणि मी चुकले असेन तर मला खोटी पाड.”

मग त्यांनी चौकोनांच्या खाली आपला पूर्ण पत्ता लिहिला, मुक्काम, पोस्ट, तालुका श्रीवर्धन, पिनकोडसकट, आणि ते प्रमाणपत्र त्याच्या हातात दिलं. “खोटी पाडलीस की कळव,” असं म्हणून त्या गाडीत चढल्या.